पाच टक्के सेफ्टी

डिस्क मोठी करणं आणि लहान करणं ही दिसायला एकाच कामाची दोन टोकं, पण धोका मात्र एकाच टोकाला. मोठी करताना आकडा चुकला तर थोडी जागा नुसती पडून राहते, कुणाच्या लक्षातही येत नाही. लहान करताना चुकला तर शेपूट कापलं जातं, आणि त्या शेपटात काय होतं ते कापल्यावरच कळतं.

आमच्याकडे कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅबसाठी डिस्क इमेज बनवायचं काम असतं. एका मशीनवर लिनक्स, कंपायलर, डेटाबेस सगळं नीट बसवायचं, त्या मशीनची अख्खी डिस्क एका फाइलीत उतरवून घ्यायची, ती फाइल जमेल तेवढी आक्रसवायची आणि मग लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर ओतायची. पहिल्यांदा सुरू झालं की मशीन आपली फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था, स्वतःच डिस्कभर पसरवून घेतं. आक्रसवण्यासाठी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे, एकामागून एक कमांड चालवणारी फाइल. मी ऑफिसात येण्याच्या आधीपासूनची. लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला. चालत होती, म्हणून कुणी उघडून बघत नव्हतं. चालणाऱ्या स्क्रिप्टला हात लावू नये हा आमच्या धंद्यातला न लिहिलेला नियम, आणि खरं सांगायचं तर तो नियम बऱ्याचदा बरोबरच असतो.

मग एका लॅबमधून फोन आला की नवीन इमेजवर एकही मशीन उठत नाही. काळा पडदा, आणि त्यावर कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, एक ओळ. एक्स्ट-४, म्हणजे लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम, म्हणत होतं, 'बॅड जिऑमेट्री'. पुढे दोन आकडे, ब्लॉकमध्ये, म्हणजे जागेच्या ठरावीक मापाच्या तुकड्यांत: फाइलसिस्टमचा ब्लॉक काउंट २,६२,१४,४००, आणि डिव्हाइसवर प्रत्यक्षात असलेले ब्लॉक २ कोटी ५६ लाखांच्या आसपास. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे, सबब माउंट करणार नाही, म्हणजे वापरायला जोडून घेणार नाही.

पहिला संशय नेहमीप्रमाणे पेनड्राइव्हवर. मग केबलवर. मग त्या लॅबच्या जुन्या हार्डडिस्कवर. ई-टू-एफएससीके हे तपासणीचं टूल चालवून पाहिलं तर त्याने आगीत तेल ओतलं: सुपरब्लॉकनुसार फाइलसिस्टम एवढी, डिव्हाइस तेवढं, दोहोंपैकी एक बहुधा करप्ट आहे, थांबू का? 'करप्ट' हा शब्द वाचला की माणूस हार्डवेअरकडे बोट दाखवतो. इथे काहीच करप्ट नव्हतं. सुपरब्लॉक खरं बोलत होता आणि पार्टिशन टेबलही खरं बोलत होतं.

यामागची गंमत सांगायला हवी. डिस्कवर आकाराची नोंद दोन ठिकाणी असते. पार्टिशन टेबलात पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखून दिलेला भाग, कुठल्या सेक्टरपासून कुठल्या सेक्टरपर्यंत आहे ते लिहिलेलं असतं; सेक्टर म्हणजे डिस्कचा लहानात लहान तुकडा. आणि त्या पार्टिशनच्या आत, सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून, फाइलसिस्टमचा सुपरब्लॉक बसलेला असतो. त्यात फाइलसिस्टमने आपण किती ब्लॉकची आहोत ते स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. या दोन नोंदींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही. रिसाइझ-टू-एफएस हे टूल फक्त आतली नोंद बदलतं, पार्टिशनला हात लावत नाही, आणि त्याच्या मॅन पेजवर, म्हणजे टूलसोबतच्या माहितीपानावर, हे स्वच्छ लिहिलंय. पार्टेड हे दुसरं टूल फक्त बाहेरची नोंद बदलतं. म्हणून लहान करताना क्रम ठरलेला: आधी आतली फाइलसिस्टम, मग बाहेरचं पार्टिशन, मग इमेज फाइलचं उरलेलं टोक छाटायचं. मोठं करताना बरोबर उलटा. आमची स्क्रिप्ट क्रम अगदी बिनचूक पाळत होती.

घोटाळा आकड्यातही नव्हता. दोन्ही टूलना एकच आकडा जात होता, १००. रिसाइझ-टू-एफएसला सांगितलं जायचं '१००जी'. पार्टेडला त्याच शंभरावर पाच टक्के चढवून '१०५जीबी'. वाचताना वाटतं की ठीक आहे, आतला माणूस शंभराचा आणि बाहेरचं घर एकशे पाचाचं, वर जागा शिल्लक. पण रिसाइझ-टू-एफएसचा 'जी' म्हणजे १०२४ चा तिसरा घात, आणि पार्टेडचा 'जीबी' म्हणजे १००० चा तिसरा घात. बाइटमध्ये मांडलं तर फाइलसिस्टम झाली १०७ अब्ज ३७ कोटी, आणि पार्टिशन झालं १०५ अब्ज. २ अब्ज ३७ कोटी बाइट कुंपणाबाहेर. एक्स्ट-४ डिस्कचे गट पाडतं. ४ केबीचा ब्लॉक धरला तर एक गट १२८ मेबीबाइटचा (मेबीबाइट म्हणजे १०२४ च्या हिशेबातला मेगाबाइट), म्हणजे शंभरात असे आठशे. त्यातले शेवटचे सतरा-अठरा गट स्क्रिप्टच्या पुढच्या ओळीने फाइलीच्या टोकाबरोबर छाटून टाकले.

इमेज छाटली नसती तर कायमचं काहीच बिघडलं नसतं, हेही सांगतो. नुसतं पार्टिशन लहान झालं असेल आणि त्या मागच्या जागेत कुणी काही लिहिलं नसेल, तर पार्टिशनचा शेवट पुन्हा होता तिथे नेऊन ठेवायचा, की फाइलसिस्टम जशीच्या तशी उभी राहते. डेटा कुठे गेलेला नसतो, फक्त रेघ चुकीच्या जागी मारलेली असते. घरी कुणावर असा प्रसंग आला तर घाईघाईने दुरुस्तीचं टूल चालवण्याआधी एवढं करून बघावं. आमच्याकडे मूळ मशीनची न आक्रसवलेली प्रत होती, म्हणून निभावलं.

आता प्रश्न असा, की ही स्क्रिप्ट इतकी वर्षं चालली कशी?

गिटचा, म्हणजे स्क्रिप्टमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या टूलचा, इतिहास उघडला. सुरुवातीच्या आवृत्तीत आकडे गीगात नव्हतेच, मेगात होते. सेटिंग असायचं ६०,०००; रिसाइझ-टू-एफएसला '६००००एम', पार्टेडला पाच टक्के धरून '६३०००एमबी'. हिशेब करून पाहा. ६०,००० मेबीबाइट म्हणजे ६२ अब्ज ९१ कोटी बाइट. पार्टिशन ६३ अब्ज. बसलं! साडेआठ कोटी बाइट शिल्लक ठेवून बसलं. मेगामध्ये दोन मापांमधला फरक असतो ४.८६ टक्के, आणि सेफ्टी होती पाच. डिस्क कितीही मोठी असो, आकडे मेगात देत राहिलात तोवर ही स्क्रिप्ट कधीच चुकली नसती. मग डिस्क वाढल्या, पाच-सहा आकडी सेटिंग वाचायला त्रास व्हायला लागला, आणि कुणीतरी सुटसुटीतपणासाठी 'एम'चं 'जी' केलं. गीगामध्ये फरक ७.३७ टक्के. पाच टक्के तिथे पुरत नाहीत. त्या बदलाची तपासणी करणाऱ्यालाही दोष देता येत नाही. ६०,००० मेगा आणि ६० गीगा एकच, असं कोण म्हणणार नाही?

इतिहासात आणखी खाली गेल्यावर मात्र मी खुर्चीत सरळ बसलो. सेफ्टी आधी पाच टक्के नव्हती, दोन होती. दोनाचे पाच केले त्या कमिटचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, निरोप एका ओळीचा: 'दोनवर चालत नाही, पाचवर चालतं.' म्हणजे हाच बग तेव्हाही एकदा चावला होता. त्या माणसाने आकडा वाढवत नेला असणार. तीन, चार, पाच, आणि पाचवर मशीन उठलं. ४.८६ च्या पुढचा पहिला पूर्णांक पाचच. त्याने १०२४ आणि १००० मधला फरक हातानेच मोजून काढला, फक्त आपण काय मोजलं ते त्याला कळलं नाही. शेजारी कॉमेंट होती, 'थोडी सेफ्टी'.

मला या पाचाचा राग येत नाही, पण धाक वाटतो. तो चुकीचा नव्हता. चुकीचा असता तर लगेच सापडला असता. तो बरोबर होता, पण का ते न कळता बरोबर, आणि म्हणून त्याच्या आड मूळ दुखणं वर्षानुवर्षं आरामात राहिलं.

बैठकीत पहिला उपाय काय सुचावा? पाचाचे दहा करू. सुचवणारा सहकारी हुशार आहे, आणि गंमत म्हणजे त्याचा उपाय चालला असता. गीगाच काय, टेरातही फरक ९.९५ टक्के, दहा टक्क्यांत तोही केसभर अंतराने बसतो. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या असत्या, लॅब सुरू झाली असती, आणि एखाद्या दिवशी कुणी पेटाबाइटचं काही आक्रसवायला घेतलं असतं तेव्हा, १२.५९ टक्क्यांवर, पुन्हा तोच काळा पडदा. आमच्या हयातीत पेटाबाइटची लॅब होणार नाही असं तो म्हणाला. बरोबर आहे. मेगाच्या काळात गीगाबद्दल हेच कुणीतरी म्हणालं असणार.

या मापांचा एकूण पसाराच मजेशीर आहे. डिस्क बनवणारे पहिल्यापासून हजाराच्या हिशेबाने गीगाबाइट मोजतात, मेमरी १०२४ च्या. हा गुंता सोडवायला आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ च्या डिसेंबरात किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. नावं चांगली आहेत, शंका नाही; पण आमच्या ऑफिसात तोंडाने 'गिबीबाइट' म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. विंडोज १०२४ ने भागून खाली 'जीबी' लिहितं, म्हणून १२८ जीबीचा पेनड्राइव्ह ११९ दिसतो आणि दुकानदाराने फसवल्यासारखं वाटतं. मॅकने २००९ पासून हजाराचा हिशेब धरला. जुन्या फ्लॉपीची तर गोष्टच निराळी. १.४४ एमबी म्हणजे १४,७४,५६० बाइट. यातला मेगा हजाराचाही नाही आणि १०२४ चाही नाही. तो एक हजार गुणिले एक हजार चोवीस, दोघांचं मिश्रण. ज्याने कुणी तो आकडा छापला त्याला हात जोडावेसे वाटतात.

टूलच्या जगात शिरलं की हा पसारा आणखी पांगतो. रिसाइझ-टू-एफएसला नुसता आकडा दिला, मागे अक्षर नाही, तर तो फाइलसिस्टमचे ब्लॉक समजतो. 'एस' लावलं तर ५१२ बाइटचे सेक्टर. एनटीएफएस ही विंडोजची फाइलसिस्टम, तिच्यासाठीच्या एनटीएफएस-रिसाइझचं मॅन पेज सांगतं की आम्ही मानकाप्रमाणे चालतो, आमचा 'जी' म्हणजे दहाचा नववा घात. १०२४ चा हवा असेल तर 'जीआय' लिहा. म्हणजे सारख्याच नावाची, सारखंच काम करणारी दोन टूल, एकच 'जी', आणि अर्थ दोन. एलव्हीएममध्ये, म्हणजे लिनक्सच्या डिस्कची जागा वाटणाऱ्या व्यवस्थेत, आकार देताना अक्षर मोठं असो की लहान, हिशेब १०२४ चाच. पण आकार दाखवायला सांगताना मोठं अक्षर लिहिलंत तर हजाराचा. लिनक्सचा कर्नल सिसएफएसमध्ये, म्हणजे स्वतःची माहिती दाखवणाऱ्या फाइलींत, डिस्कचा आकार नेहमी ५१२ बाइटच्या सेक्टरमध्येच सांगतो, मग प्रत्यक्ष डिस्कचा सेक्टर ४०९६ बाइटचा का असेना. आणि पार्टेडच्या रिसाइझपार्ट या कमांडला तर आकार द्यायचाच नसतो, डिस्कच्या सुरुवातीपासून शेवट कुठे तो द्यायचा असतो. शिवाय 'एमबी'त दिलेला आकडा तो अदमासाने घेतो, आजूबाजूचं सोयीचं ठिकाण शोधतो. 'एमआयबी'त दिला तर काटेकोर. यातल्या प्रत्येक निवडीमागे त्या त्या लोकांचं कारण आहे, आणि एकेकटं वाचलं तर पटतंही.

बांधकामावर ब्रास हे माप चालतं. वाळू ब्रासने येते तेव्हा ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि प्लास्टरचं किंवा फरशीचं बिल ब्रासने होतं तेव्हा शंभर चौरस फूट. एक घनफळ, दुसरं क्षेत्रफळ. तरी साइटवर घोटाळा होत नाही, कारण वाळूवाल्याचा आकडा फरशीवाल्याच्या हातात कधी नुसता पडत नाही. मध्ये मुकादम असतो आणि त्याला दोन्हीकडचं कळतं. आमच्या स्क्रिप्टमध्ये मध्ये होतं ते 'साइझ' नावाचं एक व्हेरिएबल. त्यात १०० होते. कशाचे शंभर, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बरं, पार्टेडने विचारलं नव्हतं असंही नाही. पार्टिशन लहान करायला सांगितलं की ते विचारतं: डेटा जाऊ शकतो, नक्की करायचं का? स्क्रिप्टमधून हा प्रश्न डोकेदुखीचा होतो, कारण उत्तर द्यायला समोर माणूस नसतो. त्यावर जाणकारांनी काढलेली पळवाट म्हणजे तीन डॅश देऊन लिहायचा 'प्रिटेंड-इनपुट-टीटीवाय' हा ऑप्शन. समोर माणूस बसलाय असं सोंग आणायचं आणि शेवटी 'येस' लिहून ठेवायचं. आमच्या स्क्रिप्टने दर वेळी, विचार न करता, 'येस' म्हटलं होतं. पळवाट अजूनही तिथे आहे. पण विचारणाऱ्याच्या जागी आता काहीतरी आहे.

दुरुस्तीकडे येतो. कर्नलच्या त्या ओळीनेच रस्ता दाखवला होता. इतक्या सगळ्या लॉगमध्ये, दोन्ही टूलच्या इतक्या आउटपुटमध्ये, दोन्ही आकडे एकाच मापात शेजारी-शेजारी छापलेले पहिल्यांदा तिथे दिसले, ब्लॉकमध्ये. तिथे पाहताक्षणी कळत होतं की मोठं कोण आणि लहान कोण. तेच आधी, कात्री चालवण्यापूर्वी, करायचं.

आता स्क्रिप्टमध्ये आत सगळं बाइटमध्ये चालतं. बाहेरून येणारं सेटिंग दारातच बाइटमध्ये बदलून घेतलं जातं, आणि अक्षर नसलेला नुसता आकडा आला तर स्क्रिप्ट नम्रपणे नकार देते. सगळ्या व्हेरिएबलच्या नावात शेवटी 'बाइट्स' किंवा 'सेक्टर्स' आहे. नावं लांबलचक आणि कुरूप झाली, त्यावर बोलणीही खाल्ली. पण खरा बदल वेगळाच. पूर्वी पार्टेडला तोच आकडा जायचा जो आम्ही रिसाइझ-टू-एफएसकडे मागितला होता. आता रिसाइझ झाल्यावर आम्ही फाइलसिस्टमलाच विचारतो. डम्पई-टू-एफएस या सुपरब्लॉक वाचून दाखवणाऱ्या टूलकडून ब्लॉक काउंट आणि ब्लॉक साइझ घ्यायचे, गुणाकार करायचा, आणि जो आकार खरोखर झालाय त्यावरून पार्टिशनचा शेवटचा सेक्टर काढायचा. पार्टेडला सेक्टरमध्येच सांगायचं, म्हणजे त्यालाही अदमास घ्यायला जागा नाही. छाटण्याआधी एक तुलना: फाइलसिस्टमचे बाइट पार्टिशनच्या बाइटपेक्षा जास्त असतील तर जागेवर थांबायचं. तीन ओळी. या तीन ओळी पहिल्या दिवशी असत्या तर पाच टक्के हवे की दहा हा प्रश्नच आला नसता.

टेस्टसाठी मोठी डिस्क लागत नाही, हे या कामातलं सुख. ट्रंकेट या कमांडने एक टेराबाइटची फाइल बनवली तरी ती विरळ असते, लॅपटॉपवर जागा जवळपास खात नाही. तिच्यावर लूप डिव्हाइस बसवायचं, म्हणजे ती फाइल डिस्कसारखी दिसते, एक्स्ट-४ टाकायचं आणि आक्रसवायचं. मेगा, गीगा, टेरा तिन्हीत, आणि मुद्दाम जुनी स्क्रिप्टही त्यांच्यावर चालवली. मेगात ती पास झाली. तिथे ती आजही पास होते.

पाच टक्के काढून टाकले. त्या जागी शेवट वरच्या पूर्ण मेबीबाइटला नेऊन ठेवायचा एवढंच, आणि का ते कॉमेंटमध्ये: पुढच्या पार्टिशनची सुरुवात नीट सीमेवर पडावी म्हणून. शंभरच्या इमेजमागे पूर्वी पाचेक गीगा वाढीव धरलेले असायचे, ते गेले.

एकच फाटा राहिला, विंडोज असलेल्या मशीनचा. तिथे एनटीएफएस-रिसाइझ चालतं, आणि तो भाग कधी बिघडला नव्हता, कारण त्याचा 'जी' हजाराचा आणि पार्टेडचा 'जीबी'ही हजाराचा. योगायोगाने जोडी जमली होती. तिथले पाच टक्के निव्वळ फुकट होते, म्हणून तेही काढायला घेतले. तर एनटीएफएसची खोड निघाली. ते बूट सेक्टरची, म्हणजे पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरची, एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरात ठेवतं आणि स्वतःच्या आकारात तो सेक्टर धरत नाही. म्हणजे गुणाकार करून आलेला आकडा इथे एका सेक्टरने तोकडा पडतो. तिथे आम्ही एक मेबीबाइट जादा सोडलाय. सहकाऱ्याने तपासताना विचारलं, 'ही परत सेफ्टी का?' त्याला कॉमेंट वाचायला सांगितली. त्यात सेफ्टी हा शब्द नाही. बूट सेक्टरची प्रत, ५१२ बाइट, कुठे आणि का, एवढं लिहिलंय.